पान सत्त्याण्णव

गुरुवारी दुपारी चार वाजता नाझली हानमच्या दिवाणखान्यातली तहानीची खुर्ची एक तर राहणार होती, नाही तर जाणार होती. नाझली हानमनी ते जिन्यातच सांगून टाकलं होतं, अगदी गोड आवाजात.

"सात महिने झाले, तहानी. येतेस, बसतेस, चहा पितेस, जातेस. पुस्तकाबद्दल तोंडातून एक शब्द नाही. आपलं वाचनमंडळ आहे, दवाखान्याबाहेरची रांग नाही. या गुरुवारी तू काहीतरी मत दे. नाहीतर काय आहे, दातांच्या डॉक्टरांची बायको शाहिनाझ कधीची मागे लागलीय. आणि खुर्च्या पाचच."

खुर्च्या पाचच होत्या हे तहानीइतकं कुणाला ठाऊक असणार? त्या सोनेरी पायांच्या पाचही खुर्च्यांचे गाद्या-गलेफ तिनेच शिवले होते. शिवण नीट बसलीय का हे पाहायला ती एका खुर्चीत बसली, आणि नेमकं त्याच दिवशी मंडळ स्थापन होत होतं. नाझली हानम, बँकेतली बुथैना आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाची मालकीण मार्सेल, अशा तिघीच जमल्या होत्या. तिघींनी मिळून मंडळ होत नाही, नुसत्या चहाड्या होतात, असं मार्सेल म्हणाली, म्हणून चौथी म्हणून तहानीला उठूच दिलं नाही. पाचवी खुर्ची पाहुण्यांची. आजवर पाहुणे कुणी आले नव्हते, त्यामुळे तिच्यावर पर्सा ठेवत.

या गुरुवारी मात्र पाहुणी येणार होती, आणि तीही साधीसुधी नाही. उस्ताझा सुहैला बदरान. जिचं पुस्तक मंडळाने महिनाभर वाचलं, ती स्वतः. नाझली हानम शिक्षण खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या होत्या. अर्ध्या कैरोत त्यांच्या ओळखी, आणि त्यांतली एक ओळख सुहैला बदरानच्या मावसबहिणीची निघाली.

पुस्तकाचं नाव होतं 'मन्सूराचं टपाल'. नाझली हानमनी चौघींसाठी चार प्रती एकदमच आणल्या. तहानीची प्रत चौथ्या मजल्यावरून टोपलीतूनच खाली सोडली. भाजीवाल्याकडे निघालेली टोपली दोरीला लटकत दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीशी क्षणभर थांबली, वरून आवाज आला, "तहानी, तुझं पुस्तक घे आणि टोपली पुढे जाऊ दे," आणि तहानीने पुस्तक उचलून घेतलं.

तहानी वाचायला शिकली ती चौतिसाव्या वर्षी, मुलीच्या शाळेच्या पुस्तकांवर. आज ती सेहेचाळीस वर्षांची झाली तरी सुईचं बोथट टोक ओळीखाली सरकवत वाचायची. टीप घालताना मधलं कापड सोडून पुढे जाता येत नाही, तसंच वाचनाचंही असतं, असा तिचा समज. पानं गाळून वाचता येतं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. त्यामुळे मंडळात बाकीच्या भराभरा बोलायच्या तेव्हा तिला वाटायचं, आपल्याला अजून नीट वाचता येत नसावं. या बायकांना जे दिसतं ते आपल्याला दिसतच नाही.

पण 'मन्सूराचं टपाल' निराळं निघालं. पहिली नव्वद पानं तशी संथ होती. वगीदा नावाची विधवा, मुलगा कुवेतला गेलेला, त्याची पत्रं येत नाहीत. वगीदा भांडी घासते, मांजरांना खायला घालते, उसासे टाकते. तहानीला तीनदा डुलकी लागली. आणि मग सत्त्याण्णवावं पान आलं. तिथून पुढे शिलाईच्या मशीनवर धूळ बसली. एका नवरीचा पोशाख दोन दिवस उशिरा गेला.

नवरा फथी मेट्रोच्या फाटकावर तिकिटं तपासायचा. जेवताना त्याने एकदा सहज विचारलं, "काय चाललंय त्या पोथीत?" तहानीने सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो दारातून आत येतानाच विचारू लागला, "मग? पोलीस आले का?"

"अजून नाही."

"येतील. असलं काही लपत नाही."

पुस्तक संपलं तरी पोलीस आले नाहीत. फथी दोन दिवस रुसून होता. "तुमची ती लेखिका येणार आहे ना? तिलाच विचार. म्हणावं, माझा नवरा झोपत नाही."

तर तहानीपाशी मत होतं. आयुष्यात पहिल्यांदा होतं, आणि चांगलं घट्ट होतं. गुरुवारी तिने निळा झगा घातला, पुस्तकाला पडद्याच्या उरलेल्या कापडाचं वेष्टण शिवलं आणि चारला पाच कमी असताना ती दोन मजले चढून गेली.

सुहैला बदरान आधीच आल्या होत्या. साठीच्या आसपासच्या, बारीक, केस पांढरे, डाव्या गालावर मोठा तीळ. पाचव्या खुर्चीत त्या पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या. शाहिनाझही होती. तिला तिपाईवर बसवलं होतं, पण ती तिपाई अशी मांडली होती की तहानी उठली की तिला फक्त सरकायचं. टेबलावर बसबूसाचं, रव्याच्या गोड वड्यांचं, ताट होतं आणि शेजारी मंडळाच्या प्रतींची चळत, सह्यांसाठी. तहानीने आपली प्रत वर ठेवली.

"सुरुवात मीच करते," नाझली हानम म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "उस्ताझा, मी फार बोलत नाही. एकच सांगते. तो टपाल कचेरीतला प्रसंग. सोळा पानं. वगीदा बाकावर बसलीय. काही घडत नाही. कुणी येत नाही, कुणी जात नाही. आणि त्या काही न घडण्यात सगळं घडतं. मी रडले."

सुहैला बदराननी मान खाली घातली. त्यांचा चेहरा जरासा उजळला.

तहानी चमकली. टपाल कचेरी? कुठली टपाल कचेरी? वगीदा टपाल कचेरीत जायला निघते असं होतं खरं, पण जाऊन बसते असं कुठे होतं?

"मी तेच म्हणणार होते," बुथैना म्हणाली. "तो बाक. त्या बाकाने मला बाई अगदी संपवलं. मी पुस्तक दोनदा वाचलं, पण ती सोळा पानं चारदा."

"कादंबरीचा प्राण आहे तो," मार्सेल म्हणाली. "मी दुकानात वाचत होते. गिऱ्हाईक समोर उभं, आणि माझे डोळे भरलेले. त्याला वाटलं त्याच्या आजाराचं काही कळलं मला."

तहानीने चळतीवरच्या आपल्या प्रतीकडे पाहिलं. सोळा पानं. तिघींनी वाचली, तिघी रडल्या, एकीने तर चारदा वाचली, आणि आपल्याला ती दिसलीच नाहीत. सुई कुठे घसरली? दोन पानं चिकटली होती का? पण सोळा पानं कशी चिकटतील? तिने मनातल्या मनात पुस्तक पहिल्यापासून उलगडलं. लिंबाचं झाड आठवलं, मांजरं आठवली, मोलोखियाची पालेभाजी आठवली. बाक काही आठवेना.

"आणि आता आपली तहानी," नाझली हानम म्हणाल्या. लहान मुलाला पाहुण्यांसमोर गाणं म्हणायला उभं करावं तशा स्वरात. शाहिनाझने पर्स मांडीवर घेतली.

तहानीने ओठ ओले केले. जे वाचलंच नाही त्याबद्दल बोलता येणार नाही, हे तिला कळत होतं. तेव्हा जे वाचलं त्याबद्दल बोलावं.

"बाई, मला पुस्तक फार आवडलं," ती म्हणाली. "सुरुवातीला जरा झोप आली, खोटं कशाला बोलू. पण तिने सासूच्या मोलोखियात उंदीर मारायचं औषध घातलं ना, तिथून मला जेवण सुचलं नाही."

बुथैनाच्या हातातला बसबूसा तोंडापासून बोटभर अंतरावर थांबला.

"काय घातलं?" सुहैला बदराननी विचारलं.

"उंदीर मारायचं औषध. कुटून. लसणाची फोडणी दिल्यावर. म्हणजे वास येणार नाही." तहानीला वाटलं, लेखिका आपली परीक्षा घेतेय. तिला धीर आला. "आणि तुम्ही ते असं लिहिलंय ना बाई, की तिची दयाच येते. सासू किती छळते. हातावरचा चटका, ते चावीने साखर कुलपात ठेवणं. आणि त्यानंतर ती जी गप्प होते! लोकांना वाटत असेल, दारावर टकटक झाली की वगीदा दचकते ती पत्राच्या आशेने. आशा कसली? भीती ती. तिला वाटतं पोलीस आले. आणि रोज जेवणाआधी पहिला घास मांजराला घालते. सगळे म्हणतात काय दयाळू बाई. दया नाहीच ती. जीवाला धसका बसलाय तिच्या, आपल्याच हातच्या अन्नाचा. स्वतः खायच्या आधी बघते, मांजर उभं राहतंय का."

ती थांबली. सात महिन्यांचं एकदम बोलून झालं होतं. समोरच्या पाचही जणींच्या चेहऱ्यांवर असं काही होतं की तिला वाटलं, आपला झगा कुठेतरी उसवलाय.

"वगीदाला सासूच नाही," सुहैला बदरान हळूच म्हणाल्या.

"मेल्यावर नाहीच," तहानी म्हणाली. "तेच तर मला विचारायचं होतं. ती मेली ना? तिने चमचा तोंडाशी नेला, तिथे तुम्ही सोडून दिलंय. माझा नवरा झोपत नाही."

मार्सेलने आधी खोकल्याचा आव आणला, मग ते हसू तिला आवरेना. "अगं, आणि ते औषध फोडणीत घालून वास लपत नाही. मी विकते ते. लगेच कळेल."

"उस्ताझा, माफ करा," नाझली हानम घाईघाईने म्हणाल्या. त्यांच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. "ही आमची शिंपीण. मनाने फार चांगली आहे. रमझानमधल्या मालिका बघते, चार मालिका एकत्र झाल्या असतील डोक्यात. असं काही पुस्तकात नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे."

"अक्षरसुद्धा नाही," बुथैना म्हणाली. "मी दोनदा वाचलंय."

"तहानी, तू असं कर, चहाचं बघ जरा. आणि येताना स्वयंपाकघरातली ती छोटी तिपाई घेऊन ये तुला बसायला. शाहिनाझ, तू इकडे ये बाळा, तिपाईवर कंबर दुखेल तुझी."

शाहिनाझ उठलीसुद्धा. तहानीही उठली. अपमानाचं काही नाही, गिऱ्हाइकं रोज करतात. पण आपण बारा वर्षं वाचतोय असं समजत होतो, आणि अक्षरं आपल्याला भलतंच काही सांगत होती, ही भीती मोठी होती. आणखी काय काय चुकीचं वाचलं असेल? विजेचं बिल? मुलीची पत्रं?

स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ती गेली आणि वळली. चळतीवरून तिने आपली प्रत उचलली, कमरेच्या पट्टीतून सुई काढली आणि उभ्याउभ्याच पान उघडलं.

"शहाण्णव," ती म्हणाली. सुई ओळीखाली सरळ होती. "'वगीदाने खांद्यावर शाल घेतली, दार लोटलं आणि'. सत्त्याण्णव. 'आत सासू पाटासमोर मोलोखिया चिरत बसली होती. इतका वेळ कुठे होतीस, तिने विचारलं, आणि विळीवरून नजर न उचलता...' बाई, इथे असंच लिहिलंय. मला दिसतंय ते. तुम्हाला दिसत नाही का?"

सुहैला बदराननी हात पुढे केला. त्यांनी पुस्तक घेतलं, सत्त्याण्णवावं पान वाचलं, मग अठ्ठ्याण्णवावं. मग भराभरा उलटत एकशे बारापर्यंत गेल्या, परत मागे आल्या. पान बोटांत धरून उजेडाकडे केलं. कापडाचं वेष्टण काढलं, पुस्तक पालथं घातलं आणि मलपृष्ठावरच्या आपल्याच फोटोकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"माझा तीळ डाव्या गालावर आहे," त्या म्हणाल्या. "इथे उजव्या गालावर आलाय."

त्यांनी मलपृष्ठ सगळ्यांकडे फिरवलं.

"फोटो उलटा छापलाय. कागद वर्तमानपत्राचा आहे. हे माझ्या प्रकाशकाने काढलेलं पुस्तक नव्हे. कुणीतरी चोरून छापलंय, आणि बांधताना दुसऱ्याच कुठल्या तरी पुस्तकाचा फॉर्मा, एकत्र शिवायच्या पानांचा गठ्ठा, यात घुसलाय. सोळा पानांचा."

तहानीला एकच गोष्ट कळली, की अक्षरं आपल्याशी खोटं बोललेली नाहीत. बाकीचं कळायला अजून वेळ होता.

नाझली हानमना मात्र वेळ नव्हता. "बघा," त्या म्हणाल्या, "काय हा प्रकार. तहानी, फुटपाथवरून कशाला घेतलंस गं? मला सांगितलं असतंस तर..."

"हानम, तुम्हीच टोपलीतून सोडलंत ना," तहानी म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. ती फक्त आठवण करून देत होती. "चारही एकदम आणलेत म्हणालात. सबरीने एकाच दोरीत बांधून दिले म्हणालात."

सबरी म्हणजे मेट्रोच्या जिन्याजवळ फुटपाथवर चादर पसरून पुस्तकं विकणारा. नाझली हानमनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि परत काढला.

"एखादी प्रत खराब निघते," त्या म्हणाल्या. "एखादी निघते ना, उस्ताझा? आमच्या बाकीच्या प्रती..."

सुहैला बदराननी चळतीतली दुसरी प्रत उचलली. ती बुथैनाची होती. आत अकराव्या पानावर बँकेची एक चिठ्ठी खूण म्हणून घातलेली होती. त्यापुढची पानं वडी थापल्यासारखी एकमेकांना चिकटून. त्या सत्त्याण्णवाव्या पानावर गेल्या आणि शांतपणे वाचलं, "'आत सासू पाटासमोर मोलोखिया चिरत बसली होती.'"

तिसरी प्रत मार्सेलची. खूण चाळिसाव्या पानावर, कुणाच्या तरी रक्तदाबाच्या औषधांची यादी. "'आत सासू पाटासमोर,'" सुहैला बदराननी वाचलं आणि पुढचं वाचलं नाही.

चौथी प्रत नाझली हानमची. तिच्यात खूणच नव्हती. उघडताना तिचा कणा जन्मात पहिल्यांदाच वाकला, त्याचा असा कडकड आवाज झाला की शाहिनाझ दचकली. तिथेही सासू बसलेलीच होती.

"मग टपाल कचेरी?" सुहैला बदराननी विचारलं. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "तो बाक? ती सोळा पानं, ती कुठे वाचलीत तुम्ही? ती यात नाहीतच. त्यांच्या जागीच सासू आहे."

बुथैना खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप मोजू लागली. मार्सेलने बसबूसाचा एक अख्खा तुकडा तोंडात घातला, म्हणजे दोन मिनिटं तिला बोलता येणार नव्हतं. नाझली हानम बसल्या जागी इतक्या थिजल्या होत्या की खुर्चीच्या गलेफावरचं नक्षीकामच त्यांच्या अंगावर चढल्यासारखं वाटत होतं.

शेवटी तहानीलाच राहवलं नाही. "पेपरात आलं होतं का बाई?" तिने विचारलं. "मागच्या महिन्यात हानमकडे ब्लाउजचं माप घ्यायला आले होते, तेव्हा टेबलावर कात्रण होतं. त्यात तुमचा फोटो होता."

"'कादंबरीचा प्राण,'" सुहैला बदरान म्हणाल्या. "हो. त्या परीक्षणात तसंच लिहिलं होतं. त्याच शब्दांत. 'काही न घडण्यात सगळं घडतं' हेही." त्या जरा थांबल्या. "म्हणजे त्या समीक्षकानेही पुस्तक वाचलं होतं की नाही, आता मला शंका येऊ लागलीय."

परत तिपाईवर टेकलेल्या शाहिनाझने घसा साफ केला. "हानम, एक विचारू? मत दिलं नाही तर खुर्ची जाणार, असा नियम तुम्हीच केलाय ना? मग आता मी नेमकी कुणाच्या खुर्चीत बसू? तीन दिसतायत."

सुहैला बदरान हसल्या. ते हसू बराच वेळ आत कोंडून ठेवलं होतं हे ते बाहेर पडलं तेव्हा कळलं. त्यांनी रुमालाने डोळे पुसले आणि तहानीकडे वळल्या.

"तहानी, एक खरं सांग. माझी सोळा पानं गेली. तीन वर्षं लिहीत होते मी ती पानं. ती नसल्याचं तुला कुठे जाणवलं का?"

तहानीला खोटं बोलायचं होतं. मनापासून बोलायचं होतं. पण नुकतंच समोर तिघींचं काय झालं ते तिने पाहिलं होतं.

"नाही बाई," ती म्हणाली. "उलट मला वाटलं, बरं झालं, काहीतरी घडायला लागलं."

सुहैला बदराननी तहानीची प्रत आपल्या पिशवीत टाकली, "ही मी नेते, परत देईन," असं म्हणाल्या, आणि एकाही पुस्तकावर सही न करता निघाल्या. नाझली हानम त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेल्या आणि पंधरा मिनिटं परत आल्या नाहीत. बहुतेक तिथेच, दिवा न लावता, उभ्या राहिल्या असाव्यात.

"मग? विचारलंस?" घरी फथी वाटच पाहत होता. "म्हातारी मेली का?"

"ती म्हातारी तिची नव्हेच. दुसऱ्या कुणाच्या घरातली आहे."

फथीने डोक्याला हात लावला. "म्हणजे वगीदा दुसऱ्याच्या घरात शिरून विष घालते?"

तहानीने त्याला पुन्हा पहिल्यापासून समजावलं. त्याला पटलं नाही.

पुढच्या बुधवारी दुपारी तहानी काजं करत होती, तेव्हा खालून कुणीतरी हाक मारली. नाझली हानमना नव्हे, तिला. ती बाल्कनीत आली. रस्त्यावर उसाच्या रसाच्या दुकानासमोर सुहैला बदरान उभ्या होत्या, डोक्यावर पिशवीची सावली धरून.

"टोपली सोड," त्या म्हणाल्या.

तहानीने टोपली सोडली. वर आली तेव्हा तिच्यात दोन पुस्तकं होती. एक तिचंच, कापडी वेष्टणातलं. पहिल्या पानावर निळ्या शाईत लिहिलं होतं: 'जे मी लिहिलं तेही, आणि जे लिहिलं नाही तेही, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणाऱ्या तहानीस.' खाली सही. दुसऱ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर रक्ताळलेला चमचा होता आणि आत एक चिठ्ठी.

'सबरीच्या ढिगात चार दिवस शोधलं,' चिठ्ठीत होतं. 'हे त्या म्हातारीचं पुस्तक. तिचं पुढे काय झालं ते एकशे तेराव्या पानावर आहे. मी वाचलंय, सांगणार नाही. पण यातली सत्त्याण्णव ते एकशे बारा ही पानं माझी आहेत. बांधणाऱ्याने अदलाबदल केली. ऐन विष कालवायच्या वेळी ती खुनी बाई यात सोळा पानं टपाल कचेरीत जाऊन बसते. सबरी म्हणतो, खप जोरात आहे, लोक म्हणतात तिथे तिचा पश्चात्ताप फार सुंदर दाखवलाय. तू वाच. मग सांग. मी खाली आहे.'

तहानीने खाली वाकून पाहिलं. सुहैला बदरान खरंच खाली होत्या. रसवाल्याने त्यांना एक उलटा क्रेट बसायला दिला होता आणि त्यांच्या हातात रसाचा पेला होता.

"बाई, मी फार हळू वाचते," ती वरून म्हणाली.

"मला घाई नाही."

चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत नाझली हानम कपडे वाळत घालत होत्या. एक टॉवेल त्या चौथ्यांदा झटकत होत्या आणि त्यांची नजर खालून हलत नव्हती.

तहानी आत जाऊन बसली. सुई काढली आणि सत्त्याण्णवाव्या पानाच्या पहिल्या ओळीखाली ठेवली. वगीदा बाकावर बसली. कुणी आलं नाही. खिडकीमागचा कारकून शिक्के मारत राहिला. एक माशी आली, गेली. तहानीला एकदा जांभई आली, ती तिने दाबली. एकशे चौथ्या पानावर तिने सुई थांबवली, मागे जाऊन एक ओळ पुन्हा वाचली, आणि दोन वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियाला सासरी गेलेल्या आपल्या मुलीचा फोन कुठल्या दिवशी आला होता ते आठवायचा प्रयत्न केला. एकशे बारावं पान संपलं तेव्हा रस्त्यावरचं ऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं.

ती बाल्कनीत आली. खाली सुहैला बदराननी तिसरा पेला बाजूला ठेवला आणि वर पाहिलं. पहिल्यांदाच मापाचा झगा घालून बघायला आलेल्या नवरीसारखा त्यांचा चेहरा झाला होता, कुठे घट्ट होईल, कुठे ढगळ होईल, काय ऐकावं लागेल, या भीतीचा.

तहानीने कठड्यावर हात टेकले. काय सांगावं? चांगलं आहे म्हणावं तर एकशे दोन आणि एकशे तीन ही पानं लांबलीत. लांबलंय म्हणावं तर एकशे चौथ्या पानाचं सांगायचं राहून जातं. हे असं वरून खाली ओरडून सांगण्यासारखं नव्हतं, आणि चौथा मजला कान देऊन ऐकत होता.

"उस्ताझा," ती म्हणाली, "वर या. हे बसून बोलावं लागेल."

आणि ती आत वळली. घरात हात असलेली एकच खुर्ची होती, फथीची. तिच्यावरचे कापडाचे तुकडे तिने उचलले, झग्याच्या बाहीने ती पुसली आणि दाराच्या समोर, उजेडात मांडून ठेवली.